दहाबोटे आणि काचेतलं भोक

दहाबोटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर आहे. पण पाटी इतकी उंच टांगली आहे की ते वाचायचं तर मान मोडून घ्यावी लागते, आणि फुकटात मान मोडून घेणारं त्या गल्लीत कोणी नाही. नाव पडलं ते खोडीमुळे. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की हे गृहस्थ दोन्ही पंजे त्याच्या नाकासमोर उघडणार आणि विचारणार, "मोजा बरं. किती?"

"दहा," गिऱ्हाईक बिचकून म्हणणार.

"चाळीस वर्षं काच कापतोय. दहाच्या दहा शाबूत. दाखवा दुसरा काचवाला!"

दहा बोटं असणं ही काय मिरवायची गोष्ट आहे, असं तुम्हांला वाटेल. आहे. ताज्या कापलेल्या काचेची कड हाताला लागते तेव्हा कळतच नाही. रक्त दिसलं की कळतं. आणि दहाबोटे ती कड उघड्या हातांनी धरत. हातमोजे त्यांना वर्ज्य. त्यामागे एक हकिगत होती, आणि ती त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की ऐकताना बायको ओठ हलवून साथ द्यायची. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली ते शिकले, त्याने तीस वर्षं मोज्यांवाचून काच हाताळली आणि त्याला कधी ओरखडा उठला नाही. मग जावयाने हौसेने चामड्याचे हातमोजे आणून दिले. महिन्याभरात म्हाताऱ्याची दोन बोटं गेली.

"का गेली?" दहाबोटे विचारत, आणि कोणी तोंड उघडायच्या आत सांगून टाकत, "मोजा चढला की हाताची भीती उतरते. भीती उतरली की हात कुठेही जातो. मोजा जाड असतो हो, पण भीतीएवढा जाड नसतो."

वाक्य चांगलं होतं. चाळीस वर्षं खपलं. घरात मात्र त्याला गिऱ्हाईक नव्हतं, कारण बायको बिस्किटांच्या कारखान्यात तपासनीस होती. दर पन्नासावं पाकीट उचलायचं, पाण्याच्या टाकीत बुडवून दाबायचं आणि बघायचं, बुडबुडा येतो का. आला की अख्खी पेटी परत. तिच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, बुडबुडा येणाऱ्या आणि न येणाऱ्या. नवरा पहिल्या प्रकारातला, हे तिने लग्नानंतर आठ दिवसांतच ओळखलं होतं. पण ही पेटी परत करायची सोय नव्हती.

घरात तिसरं माणूस म्हणजे ताई, दहाबोट्यांची थोरली बहीण. तेरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हे सहा वर्षांचे होते. पुढचं सगळं, म्हणजे शाळा, मारणं, न्हाऊ घालणं आणि लग्न लावून देणं, ताईने केलं. स्वतःचं केलं नाही. सूतगिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात तिने अठ्ठावीस वर्षं काढली. त्या खात्याने जाताना दोन गोष्टी नेल्या आणि एक दिली. कान नेले, यंत्रांच्या आवाजाने. छाती नेली, कापसाच्या धुळीने. तीन पायऱ्या चढल्या की चौथीवर बसावं लागे. आणि दिलं ते ओठ वाचायचं कसब. त्या गोंगाटात बायका आवाजाशिवायच बोलत. पंधरा हातांवरून कोण कोणाबद्दल काय बोलतंय हे ताईला दिसायचं. निवृत्त झाल्यावर ही विद्या तिने गल्लीच्या सेवेला वाहिली. खिडकीत बसून तिने जेवढी लफडी वाचली तेवढी कोणी छापलेलीही वाचली नसतील.

अशा घरात ती साथ आली.

गल्लीत जो तो आपापल्या स्वभावाने घाबरला. कोपऱ्यावरच्या शिंप्याने दाराला आतून तीन कड्या लावल्या आणि मागच्या दाराने दोस्तांना पत्ते खेळायला घेतलं. आजार पुढच्याच दाराने येतो अशी त्याची समजूत असावी. बेकरीवाल्या बाई पाव साबणाने धुवायच्या तेवढ्या बाकी होत्या. आणि दहाबोटे? त्यांची भीती इतरांपेक्षा मोठी होती, पण त्यांच्या शास्त्राप्रमाणे होती. मास्क ते हनुवटीखाली लटकवत. "तोंड झाकलं की तोंडाची भीती जाते," म्हणत. त्याऐवजी दुकानातली तीन फुटी लाकडी पट्टी घेऊन फिरत. कोणी जवळ आलं की पट्टी पुढे. पट्टीचं टोक ज्याच्या पोटाला लागलं तो एक पाऊल मागे.

"अहो, हवा काय पट्टी बघून थांबते का?" बायको म्हणे.

"मी थांबतो ना! मी घाबरलेला आहे तोवर मी थांबतो."

"आणि नाक उघडं ठेवून?"

"नाक उघडं आहे म्हणूनच घाबरलोय."

ती स्वतः दोन पदरी मास्क बांधून कामावर जाई आणि तो नीट बसला की नाही हे चष्म्यावर वाफ धरते का त्यावरून तपासे. बुडबुडा तिथेही.

खरी भीती दोघांची एकच होती, आणि ती अंगणापलीकडच्या खोलीत बसली होती. डॉक्टरांनी ताईची छाती तपासून बाहेर आल्यावर सांगितलं होतं, "बाकीच्यांना झालं तर मी काहीतरी सांगू शकेन. यांना झालं तर मला विचारू नका. होऊच देऊ नका." दहाबोट्यांनी ते वाक्य घरी आणलं आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली.

घराची रचना सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. रस्त्याकडेला दुकान, त्यामागे छोटं अंगण, अंगणापलीकडे घर. दुकानाची मागची खिडकी आणि ताईच्या खोलीची खिडकी समोरासमोर, आणि ताईच्या खिडकीतून अंगणाच्या कडेने गल्लीही दिसे. ताईच्या खोलीचं दार घरातल्या बोळात उघडे. साथ आली त्या दिवसापासून दहाबोटे ते दार ओलांडेनासे झाले. दिवसभर दहा ठिकाणी जाऊन आलेला आपला श्वास ताईपर्यंत न्यायचा नाही, बस. ते अंगणाच्या मधोमध उभे राहत आणि ओरडत. उजेड डोळ्यांवर यायचा म्हणून ताईला खिडकीतून ओठ दिसत नसत, आणि कानांचं तर बोलायलाच नको.

"ताई, पोट साफ झालं का?"

ताई हात हलवी, म्हणजे पुन्हा सांग.

"पोट! साफ!"

"झालं बरं का!" एकदा पलीकडच्या माडीवरून शिंप्याने उत्तर दिलं. "आमचंही झालं!"

गल्ली हसली. ताई हसली नाही. तिला दिसत होतं की सगळे हसताहेत, आणि का हसताहेत ते मात्र दिसत नव्हतं, कारण सगळ्यांच्या तोंडावर फडकी होती. लोकांचे ओठ झाकले गेले आणि ताई एका आठवड्यात पार बहिरी झाली. खिडकीत बसायची, पण वाचायला काही नव्हतं. मग बसायचीही बंद झाली. जेवण अर्धं परत येऊ लागलं.

इकडे दहाबोट्यांना उभं राहायला फुरसत नव्हती. बँक, दवाखाना, बेकरी, औषधांचं दुकान, जिथे म्हणून माणसासमोर माणूस बसतो तिथे मध्ये काच हवी होती. सहा मिलिमीटरची काच, कडा घासून गुळगुळीत, खाली कागद सरकवायला फट आणि बोलायला गोल भोक. दहाबोटे लावत सुटले. पण आठवड्याने बँकेतली काच किरकिरते म्हणून बघायला गेले आणि काचेसमोर थबकले. सकाळचं तिरपं ऊन काचेवर पडलं होतं, आणि काच पुसण्यात जन्म गेलेल्या माणसाला त्यात जे दिसलं ते साहेबांना दिसत नव्हतं. भोकाभोवती, बाहेरच्या बाजूने, कपाळांचे तेलकट डाग. नाकांचे ठिपके. वाफ धरून वाळल्याची वर्तुळं, एकात एक. आतल्या बाजूनेही तेच. माणसं काचेपासून लांब बसतच नव्हती. भोकापाशी वाकून, मास्क खाली ओढून, एकमेकांच्या तोंडात बोलत होती. काच नव्हती तेव्हा हीच माणसं चार हात लांबून ओरडत होती.

"हा हातमोजा आहे," संध्याकाळी ते बायकोला म्हणाले. "मी गावभर हातमोजे घालत सुटलोय."

"मग भोक ठेवू नका."

"भोक नाही तर काच घेत नाहीत."

"भोक म्हणजे भोक," ती म्हणाली. "पाकीट फुगलेलं दिसलं म्हणजे बंद असतं असं नाही."

आता एवढं कळलेल्या माणसाने पुढे जे केलं ते का केलं, याचं उत्तर अंगणात होतं. एका सकाळी ताईने खिडकीतून त्यांना बोटाने बोलावलं. गिरणीच्या आवाजात, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "धाकट्या, सगळ्या जगाच्या तोंडापुढे काचा लावतोस. मला एक लावून दे. तुझं तोंड दिसेल अशी. नाहीतर मला सरळ न्यायला या, इथे मी आहे काय आणि नाही काय."

दहाबोट्यांनी दुकानातली सर्वांत चांगली काच काढली. दोन दिवस कडा घासल्या. खोलीच्या दाराची वरची फळी काढून तिथे ती बसवली, चारी बाजूंनी पुट्टी भरली. भोक ठेवलं नाही. बायकोने चारी कडांवरून ओला हात फिरवून बघितला आणि मान डोलावली. बोळात खुर्ची, आत ताईची खुर्ची. दहाबोट्यांनी मास्क काढला आणि ताई महिन्याभराने पहिल्यांदा कोणाचे तरी ओठ बघून हसली.

"शिंपी काय म्हणाला त्या दिवशी?" हा तिचा पहिला प्रश्न.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "भोक कर."

"कशाला? तुला ओठ दिसतात, मला तुझं ऐकू येतं. तुझं तर बँकेतही ऐकू जात असेल."

"बंद पेटीत बसल्यासारखं वाटतं. बँकेला भोक, बेकरीला भोक, आणि सख्ख्या बहिणीला ठोकळा?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "नाही."

दहाबोटेही नाही म्हणाले. तीन दिवस म्हणत राहिले. मग ताईचं जेवण पुन्हा अर्धं यायला लागलं. चौथ्या दिवशी बायको कामावर असताना त्यांनी नळीचा ड्रिल काढला, काच तापून तडकू नये म्हणून भोकाच्या जागेखाली मातीचं आळं चिकटवून त्यात पाणी भरलं आणि बसल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला वाटीएवढं भोक पाडलं. निघालेली गोल चकती ताईने मागून घेतली. टेबलावर ठेवीन म्हणाली, पत्ते उडू नयेत म्हणून.

बायकोने आल्यावर भोक बघितलं. भांडली नाही. हे फार वाईट लक्षण होतं. "खिडकी कायम उघडी," एवढंच म्हणाली. "आणि दोन हात लांब बसायचं. आणि मास्क."

"मास्क घातला तर तिला—"

"माहीत आहे."

पहिले काही दिवस दहाबोटे पट्टी मांडीवर घेऊन बसले. तीन फूट मोजून. मग पट्टी भिंतीला टेकली. मग पत्ते आले. ताई आतल्या टेबलावर पानं टाकी, हे बाहेरच्या स्टुलावर. ताई पत्त्यांत लबाडी करते हे जगजाहीर होतं. पण ती कधी करते हे फक्त दहाबोट्यांना कळायचं. हातात नसलेलं पान आहे म्हणून सांगताना तिचा डावा अंगठा आपोआप तळहातात दुमडला जाई. सहा वर्षांचे असल्यापासून त्यांना हे माहीत होतं आणि पन्नास वर्षांत त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला सोडून.

पत्ते खेळता खेळता खुर्ची पुढे सरकली. बाहेर दहाबोटे तसेच घाबरट होते, बँकेत पट्टी पुढे करून बोलत. पण घरी आले की काच समोर असे आणि छातीवरचा दगड उतरे. हीच वेळ काय ती दिवसात बिनघोर. गल्लीतली एखादी खास भानगड असली की ते भोकापाशी तोंड नेऊन हळू सांगत, आणि ताई हनुवटी पुढे करून ओठांकडे बघत राही. ऐकू येत नसलेल्या बाईला कानात सांगण्यासारखं हळू सांगणं! पण सवय ती. बायकोने दोनदा टोकलं, तिसऱ्यांदा खुर्ची ओढून मागे केली. चौथ्या दिवशी खुर्ची पुन्हा तिथेच.

दवाखान्यातल्या काचेची फट मोठी करायला बोलावणं आलं, ते काम करून तीन दिवस झाले होते. सकाळी उठून दहाबोटे बोळात आले. ताईच्या खिडकीतून ऊन आत येऊन काचेवर तिरपं पडलं होतं. ते थांबले. भोकाभोवती त्यांच्या बाजूने वाळलेल्या वाफेची वर्तुळं होती, एकात एक. आतल्या बाजूने, बरोबर भोकाच्या कडेला, गालाचा आणि हनुवटीचा मोठा तेलकट डाग. भोकाला गाल चिकटवल्याशिवाय असा डाग उमटत नाही.

घशात काहीतरी खवखवत होतं. आधी वाटलं, भीतीने असेल. दुपारी हात लावायच्या आधीच काच गार लागेल असं वाटू लागलं, तेव्हा कळलं, ताप आहे.

तपासणीत निघालं. बायकोने त्यांना दुकानाच्या मागच्या भागात बंद केलं, कारखान्यातला मेणाचा कागद आणून चिकटपट्टीने भोक बंद केलं, आणि बुडबुडा येतो का हे बघायला आता उशीर झाला होता. तिची स्वतःची तपासणी कोरी आली. ताईची चौथ्या दिवशी आली, आणि ती कोरी नव्हती.

गंमत बघा, ताई शांत होती. तिने आतून कडी लावली. "तू आत यायचं नाहीस," ती भावजयीला म्हणाली. "तूही पडलीस तर दोघांचं कोण करणार?" जेवण दाराशी ठेवायचं, भांडी दाराशी येतील. काचेवर तिने आतून चादर टांगली. मासोळीसारखी काचेत बसायचा कंटाळा आला म्हणे. डॉक्टरांनी बोटाला लावायचं यंत्र दिलं होतं, त्यावर रक्तातला प्राणवायू दिसतो. "ब्याण्णवच्या खाली आला की लगेच फोन. एक तासही थांबू नका," असं त्यांनी तीनदा सांगितलं.

ताई भ्यायची ती एकाच गोष्टीला, इस्पितळाला. गल्लीतून त्या महिन्यात तिघं तिथे गेली होती आणि एकच परत आलं होतं. आजाराने काय होतं हे तिने पाहिलं नव्हतं. तिथे काय होतं हे खिडकीतून पाहिलं होतं. "मला न्यायचं नाही," तिने चादरीआडून बजावलं. "मरायचंच तर माणसांत. तिथे सगळे डोळ्यांपर्यंत झाकलेले. मला पाणी हवंय की नको हेसुद्धा कळणार नाही."

तेव्हा ठरलं ते असं. रोज सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला ताई खिडकीत येणार आणि आकडा बोटांनी दाखवणार. आधी दशक, मग एकक. अंगणापलीकडे, दुकानाच्या खिडकीत तापलेलं कपाळ गजांना टेकून दहाबोटे बोटं मोजणार आणि बायकोला सांगणार. आयुष्यभर आपली दहा बोटं मोजायला लावली त्या माणसाच्या नशिबी आता दुसऱ्याची बोटं मोजणं आलं.

पहिल्या दिवशी नऊ आणि सहा. ताई नऊ दाखवताना उजवी करंगळी मिटून घेई. दुसऱ्या दिवशी नऊ आणि पाच. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ-पाच, संध्याकाळी नऊ-चार. दहाबोट्यांचा स्वतःचा ताप चढत-उतरत होता, पण त्यांना तो आठवत नसे. नऊ वाजायच्या तासभर आधीपासून ते गजांशी उभे असत. ताईला खिडकीत यायला दोन मिनिटं उशीर झाला की ते बायकोला हाका मारत. चौथ्या दिवशी नऊ-तीन. पाचव्या दिवशी सकाळी पुन्हा नऊ-तीन, पण खिडकीपर्यंत आल्यावर ती चौकट धरून थांबली, मग हात वर केले.

संध्याकाळी पाचला ती आलीच नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी आली. हसली. हात वर केले: नऊ. मग चार.

"चौऱ्याण्णव!" दहाबोटे अंगणात उभ्या बायकोला म्हणाले. "वाढला! एकाने वाढला!"

"वाढला ना? देवा!" बायकोने हात जोडले.

पण दहाबोट्यांचा चेहरा बोलता बोलता उतरला. मघाचे हात त्यांच्या डोळ्यांपुढे अजून तसेच होते. नऊ बोटं. उजवी करंगळी ताठ होती. डावा अंगठा दुमडलेला.

"खोटं," ते म्हणाले.

"काय?"

"खोटं बोलतेय ती. अगं, अंगठा! अंगठा दुमडला होता! जा, पळ, आत बघ!"

बायको बोळात धावली, दार ठोठावलं, मग आठवलं की ज्याला ऐकू येत नाही त्याचं दार ठोठावून काय होणार. काचेवर चादर. तिने मेणकागद टराटरा ओढला, भोकातून मनगट आत घातलं आणि चादर खेचून पाडली. ताई पलंगाच्या कडेला वाकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वरखाली होत होते. ओठ जांभळे. बोटाला यंत्र तसंच होतं आणि त्यावर सत्त्याऐंशी. बायकोने त्याच भोकातून हात खाली घालून कडी काढली.

ते भोक पाडल्याबद्दल नवऱ्याला काय काय ऐकवायचं, याची तिने आठवडाभर जुळवाजुळव केली होती. त्यातलं निम्मं तिथेच वाया गेलं.

गाडी आली. ताईला खुर्चीवरून अंगणातून नेताना तिने दुकानाच्या खिडकीकडे बघितलं. दहाबोटे गजांमागे होते, मास्क नीट नाकावर, पहिल्यांदाच. त्यामुळे ते काय म्हणाले हे तिला दिसलं नाही. तिच्या ओठांवरचं मात्र त्यांना दिसलं, आणि ओठ वाचायला न शिकलेल्या माणसालाही कळावं असं ते होतं. चांगलं नव्हतं.

इस्पितळात अकरा दिवस. ताईला नेताना बायकोने तिच्याजवळ जाड वही दिली होती, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत: "यांना ऐकू येत नाही. लिहून विचारा." रोज फोनवर एकच उत्तर मिळे, "आहे तसंच." दहाबोट्यांचा ताप गेला, चव आली, बळ आलं; काच मात्र कापवेना. कापायची लेखणी काचेवर ठेवत आणि पुन्हा उचलून घेत. सहाव्या दिवशी त्यांनी हातमोजे विकत आणले, घातले, आणि दुकानात नुसते बसून राहिले. भीती गेली नाही. मोज्याच्या आतही तेवढीच होती. चाळीस वर्षांचं वाक्य होतं. त्यात कुठेतरी फट होती, आणि ती कुठे हे शोधायची त्यांना हिंमत होत नव्हती.

बाराव्या दिवशी ताई परत आली. निम्मी झाली होती, पण जीभ पूर्ण होती.

"पाठवायच्या आधी मला विचारलं होतंस?" काचेपलीकडून तिचा पहिला प्रश्न. भोकात आता तीच गोल चकती होती. दहाबोट्यांनी भोवती पुट्टी भरून ती परत बसवली होती. काचेवर चंद्रासारखं वळं दिसे. ते स्वतः तीन फूट मागे बसले होते, पट्टी टेकवून, बोळाची खिडकी उघडी टाकून.

"तू खोटं बोललीस, ताई."

"तुला कसं कळलं?"

"कळलं."

"सांग ना. नव्वदीच्या घरातलाच दाखवला होता की मी. जास्त फेकलं नव्हतं."

त्यांनी सांगितलं नाही. तेवढं एक पान हातात राहू दे, असं त्यांना वाटलं.

ताईने आतून चकतीवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "हे काढ रे."

"नाही. तुला ऐकू येत नाही, तुला ते कधी लागतच नव्हतं. कशाला हवं होतं सांग बरं? एवढं घडलं त्याच्यापायी."

"बोलताना तुझा श्वास लागायचा गालाला," ताई म्हणाली. "गरम. बाकी घरात कुठे माणूस आहे हे कळत नव्हतं मला."

दहाबोट्यांनी पट्टी उचलली, चकतीपर्यंत नेली आणि परत टेकवली. बायको बोळाच्या टोकाशी उभी होती. चकती मात्र तशीच राहिली.

साथ अजून होतीच. डॉक्टरांनी महिनाभर आकडा बघायला सांगितला. रोज सकाळी नऊला ताई खिडकीत येई, नऊ आणि पाच, नऊ आणि सहा, आणि दहाबोटे बोटं न बघता अंगठा बघत. आठ-नऊ दिवस गेले. त्यांना जेवण जाऊ लागलं. मग एका सकाळी ताईने हात वर केले: नऊ, मग सहा, आणि डावा अंगठा तळहातात दुमडलेला.

अंगण त्यांनी तीन उड्यांत ओलांडलं. बोळात पोचले तेव्हा धाप लागली होती, मास्क एका कानाला लोंबत होता. काचेपलीकडे ताई तोंडावर पदर धरून हसत होती. यंत्रावर शहाण्णव.

"भावजयीने सांगितलं," ती म्हणाली. "पन्नास वर्षं पत्त्यांत लुटलंस मला, चोरा!"

दहाबोटे वळून बायकोकडे बघू लागले. ती भिंतीकडे बघू लागली. "वहीत लिहून विचारलं हो वन्संनी," ती पुटपुटली. "खोटं कसं लिहू?"

आता झालं असं, की बोटांनी दाखवलेल्या आकड्यावर भरवसा नव्हता आणि अंगठ्यावरही उरला नव्हता. दहाबोट्यांनी मास्क नीट केला, पट्टी उचलली, तीन फूट मोजले आणि बसले. मग त्यांना आठवलं की झाकलेल्या तोंडाने काही सांगून उपयोग नाही. त्यांनी बोटाने आपलं बोट दाखवलं, मग काच.

ताईने तोंड वाकडं केलं, पण यंत्र काढून पुन्हा घातलं आणि ते बोट काचेवर टेकवलं, चकतीच्या अगदी बाजूला. आकडा लगेच स्थिरावत नाही. आधी काहीच नाही. मग एकोणनव्वद. मग एक्क्याण्णव. दहाबोटे पट्टीवर दोन्ही हात घट्ट धरून वाट बघत बसले, आणि मागे उभी बायकोही, पाण्यात पाकीट दाबून धरल्यासारखी, श्वास रोखून.